मांडुळाखालची माती

मला शेतातून घालवलं ते माझ्याच मुलानं. हितेंद्र तोंडानं तसं म्हणाला नाही, पण केळीच्या बागेत मी रोज त्याच्या मागं फिरून चुका काढतो म्हटल्यावर एक दिवस म्हणाला, "नाना, थोडे दिवस ताईकडं धुळ्याले जाऊन या." मी रागारागात गाडीत बसलो. बसताना डिकीत आमच्या वावरातल्या काळ्या मातीची एक गोणी टाकली. म्हटलं, भाविकाच्या दारातली तुळस तरी नीट वाढेल.

भाविका माझी थोरली. धुळ्याबाहेर सोनगीरच्या रस्त्याला दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड घेऊन ती जखमी साप, घोरपडी, कासवं सांभाळते. वनखात्याची परवानगी आहे, सगळं रीतसर आहे, पण मला ते कधी पटलं नाही. रावेरला भर चौकात मी तिला औषधांचं दुकान थाटून दिलं होतं. चार वर्षं ती काउंटरमागं गप्प बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, पोरगी चांगली रमली. मग एक दिवस किल्ल्या माझ्या हातात देऊन ती निघून गेली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं हवापाण्यापुरतं.

मी गेलो तेव्हा तिच्याकडं एक मांडूळ होतं, दुतोंड्या म्हणतात तो साप. गुप्तधन मिळतं म्हणून कुणीतरी धरलेलं, वनखात्यानं सोडवलेलं. रानात सोडायला कोर्टाचा हुकूम यायचा होता, तोवर ते भाविकाच्या काचेच्या पेटीत. तिला आठ दिवस कसल्याशा प्रशिक्षणाला नाशिकला जायचं होतं. जाताना म्हणाली, "नाना, पेटीतली वाळू बदलायची आहे. कोपऱ्यात चाळून ठेवलीय, ती कोरडीच घाला. वीतभर थर द्या, दाबू नका."

मी ती वाळू हातात घेतली. सगळी बोटांतून गळून गेली. हिच्यात काय जीव आहे? पन्नास वर्षं मातीत राबलेला माणूस मी. दारात गोणीभर सोन्यासारखी माती पडलेली असताना मुक्या जनावराला हा भुगा घालायचा? मी गोणी सोडली. ढेकळं फोडली, चाळली, पाणी शिंपडून वाफशावर आणली. वाफसा म्हणजे पेरणीला लागते तेवढीच ओल. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा. तसा गोळा झाला तेव्हा मला फार बरं वाटलं. वीतभर थर दिला, हातानं थापून सारखा केला आणि मांडूळ वर सोडलं.

ते मातीवर पसरून राहिलं. जागचं हलेना. मी रोज सकाळी पाहायचो आणि खूश व्हायचो. फोनवर भाविकाला सांगितलं, "इतकं निवांत हाये ते, तू ओयखणार नाही."

शेड झाडायला दगडीबाई यायच्या. त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या. एकदा पेटीपाशी थांबून म्हणाल्या, "नाना, हाई माती भारी शे, पन त्याले खाले घुसता येस नही. म्हनीसन ते वर पडेल शे."

"बाई, मले माती शिकवू नका," मी म्हटलं. त्या झाडू घेऊन पुढं गेल्या.

भाविका परत आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवता पेटीशी गेली. मांडूळ उचलून तिनं उलटं केलं. पोटावर लालसर चट्टे उठले होते. दोन ठिकाणी खवल्यांखाली पाणी भरलं होतं.

"ओल लागली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चार शब्द बोललो असतो. तिनं माझी माती घमेल्यात काढली, पेटी पुसून कोरडी केली, तळाला वर्तमानपत्र अंथरलं. "बरं होईपर्यंत कागदच. काल हुकूम आलाय, नाना. पण असं पोट घेऊन सोडलं तर मरेल."

"मले वाटलं, रमलं ते. गप पडलं होतं म्हणून."

भाविका कापसाचा बोळा औषधात बुडवत होती. "हो," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतं तसं."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. डोळ्यांपुढं ते चौकातलं दुकान आलं आणि काउंटरमागची पोरगी आली. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं तेच मी तिला दिलं होतं. त्याचा केवढा तोरा मिरवला होता गावभर! मला लाज वाटली, आणि ती कुणाजवळ बोलायची तेही कळेना.

पुढचा महिनाभर मी हललो नाही. रोज कागद बदलला. भाविका पोटाला औषध लावायची तेव्हा मांडूळ धरून बसायला शिकलो. चट्टे सुकले तेव्हा कोपऱ्यातली वाळू मीच उन्हात पसरली, पुन्हा चाळली, मुठीत दाबून पाहिली. मूठ उघडली तर हातात काही उरलं नाही. मग ती पेटीत घातली आणि दाबली नाही. मांडुळानं तोंड खुपसलं आणि ते आत गेलं.

पंधरवड्यानं वनरक्षकाबरोबर आम्ही ते मुरमाड उतारावर सोडलं. क्षणभर पडून राहिलं, मग डोकं भुसभुशीत जागेत घालून मिनिटाभरात दिसेनासं झालं. भाविका उकिडवी बसून पाहत होती. मी तिला इतक्या खुशीत लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"भाविका," मी म्हटलं, "दुकानाच्या टायमालेबी माह्यं चुकलंच."

ती बोटांनी मुरूम चाळवत राहिली.

"तुले इथं काय लागते, सांग."

ती विचार करू लागली. मी मनात शेडला स्लॅब टाकून दिला, वरती खोल्या चढवल्या, पण तोंड मिटून ठेवलं.

"कासवांच्या बाजूचा एक पत्रा गळतो," ती म्हणाली. "तेवढा बसवून द्याल?"

सहा वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं ते हे पहिलं. मी तिला विचारलं, घरात शिडी आहे का.