नाव नसलेल्या गोळ्या

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर मुळीच नव्हे. हिंगणघाटच्या एका मेडिकलमध्ये काउंटरला सुतळीनं बांधलेली कात्री. माझ्यासारख्या बोथट बाईला कोण पळवणार? पण आमचे मालक प्रभाकरराव, त्यांचा जगावर विश्वास नाही. जगाचा मात्र त्यांच्यावर फार आहे.

माझा जन्म मेरठच्या भट्टीतला. कापसाच्या गावात चाललेय म्हटल्यावर वाटलं, आता कापड कापीन. पण नशिबी आल्या गोळ्या.

आमच्याकडे अख्खी स्ट्रिप घेणारे थोडे. "चारच द्या," म्हणाले की मालक मला उचलतात. औषधाचं नाव आणि मुदत छापलेला भाग दुकानात ठेवतात आणि कोरा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर टेकवतात. कुठून कापायचं ते हात ठरवतो, मला कोण विचारतं? पुढच्या खेपेला माणूस तोच रिकामा तुकडा दाखवून म्हणतो, "अशीच द्या."

मग वर्षाली आली. शिकलेली फार्मसिस्ट. मालकांनी लगेच बाहेर बोर्ड लावला, 'येथे औषधांची मोफत तपासणी करून मिळेल.' त्यांना गर्दी हवी होती. वर्षालीनं ते खरंच मनावर घेतलं. रुग्णाला बसायला साधी खुर्ची नाही, मागून लोक "ओ ताई, जल्दी करा ना" म्हणून ओरडतायत, आणि ही एकेकाची पिशवी काउंटरवर ओतून शांतपणे विचारतेय, कोणती कशासाठी घेता, जेवणाआधी की नंतर. लोक तरी काय एकेक नग! कुणी धडधडीत खोटं सांगायचं, कुणी शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच गोळी खायचा.

एका दुपारी विमलाबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक.

"मले सारखी चक्कर येऊन राह्यली वं माय. घाम सुटते, हात कापते."

वर्षालीनं त्यांची पिशवी ओतली. एक साखरेची गोळी सरकारी दवाखान्यातली, नावासकट. दुसरी खाजगी डॉक्टरांनी लिहिलेली, आमच्याकडून नेलेली, पांढरी, बिननावाची. डॉक्टरांची चिठ्ठी केव्हाच हरवली होती.

"मावशी, हे पांढरी बी साखरेचीच असन, तर तुमी डबल औषध खाऊन राह्यल्या. साखर एकदम खाली जाईन." मग ती मालकांकडे वळली. "सर, हे कोणती गोळी देल्ली होती?"

मालक भर गर्दीत भडकले. "डॉक्टरनं लिवलेली गोयी हाये ते! त्याच्यात खोट काढणारी तू कोण?" मग विमलाबाईंकडे वळून आवाजात साखर घोळली. "काई होत नाई बाई. बिनधास्त खाजा."

वर्षालीचा चेहरा उतरला. तरी हळूच म्हणाली, "मावशी, आजच डॉक्टरले इचारा." विमलाबाईंनी हो म्हटलं आणि गोळ्या पिशवीत भरल्या. एवढ्या वर्षांचे ओळखीचे मालक एकीकडे, कालची पोरगी दुसरीकडे. त्यांनी कुणाचं ऐकलं, ते मला तेव्हाच कळलं. त्यांचा राग नाही येत मला. मालकांचा येतो, अगदी पात्यापर्यंत येतो.

पुढच्या आठवड्यात बोर्ड उतरला. वर्षाली मुकाट्यानं गोळ्या देऊ लागली.

पोळा झाल्यावर विमलाबाईंची सून काजल आली. तीच पिशवी घेऊन.

"सासूबाई गेल्या जी. सकायी न्हाणीत पडल्या, घामानं चिंब. उठल्याच नाई. मोठ्या दवाखान्यात म्हणे, साखर उतरली होती." तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली. "ताई, यातली कोणती होती वं?"

वर्षाली तो चंदेरी तुकडा उलटसुलट करत राहिली. दोन्ही बाजू कोऱ्या. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मुठीवर पडलं. मला बोलता आलं असतं, तर तिथंच ओरडले असते. आता तुम्हालाच हात जोडून सांगते, चार घ्या, दोन घ्या, पण नाव असलेला तुकडाच मागून घ्या. लाजू नका. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

काजल अजून उत्तराची वाट पाहत उभी होती.

मालकांनी मोबाइलमधून मान वर केली, काउंटरवरचे तुकडे पाहिले आणि म्हणाले, "कापलेला माल वापस होत नाई."