माझे मुखपृष्ठ भिंतीवर आहे

मित्रांनो, मी एका जुन्या मासिकाचा अंक आहे. नाव विचारू नका. ते मुखपृष्ठावर होते आणि मुखपृष्ठ आता भिंतीवर टांगले आहे. मी मात्र उघडा पडलो. राग येईल नाहीतर काय?

माझा जन्म एका लहान छापखान्यात झाला. आमचे मालक कागदाच्या बाबतीत महाचिक्कू. आतली पाने संपली की उरलेली कथा ते मागच्या आवरणाच्या आतल्या बाजूला छापत. माझ्यातली शेवटची कथा तिथेच संपत होती. लिहिणारी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिची छापून आलेली ती एकमेव कथा. पुढे तिचे लग्न झाले, घरे बदलली, भाचरे तिला आत्या म्हणू लागली; पण मला तिने मऊ कापडात गुंडाळून जपले.

तिच्या भाच्याला जुनी मुखपृष्ठे जमवायचा छंद. छंद वाईट नाही. माझे चित्रही देखणे होते: पुढून मागेपर्यंत पसरलेला समुद्र आणि निळी छत्री घेतलेली बाई. पण या पठ्ठ्याने काय केले? "फक्त बघायला" म्हणून मला नेले, पिना उपसल्या, अख्खे आवरण सोलून काढले आणि मागून गोंद फासून पुठ्ठ्यावर चिकटवले. उलटी बाजू पाहायची तसदीसुद्धा घेतली नाही!

आत्या आली तेव्हा स्वारी खुशीत होती.

"बघ आत्या, कसलं भारी दिसतंय!"

"आणि माझी गोष्ट?"

"आहे की. आतली पानं त्या रद्दीवर ठेवलीत, घेऊन जा."

"शेवट मागच्या बाजूला होता रे, गाढवा!"

त्याचा चेहरा उतरला. घाईघाईने त्याने चौकट उघडली, एक कोपरा उचकटला. अक्षरांचा लगदा झाला.

"थांब," आत्या म्हणाली. "आता चित्रही घालवशील."

"तुला पाठ असेल ना?"

"अंक जवळ होता. पाठ कशाला करू?"

मला हात असते तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

मित्रांनो, मुखपृष्ठे खुशाल जमवा, भिंती सजवा. पण कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी निदान एकदा पान उलटा. आत्याने मला रद्दीवरून उचलून पुन्हा त्याच कापडात गुंडाळले आहे. अधूनमधून ती मला उघडते आणि शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचते: 'दार वाजले. तिने कडी काढली आणि'.