शेवटचे चाळीस सेकंद

मी एक जुना गुणफलक आहे. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये बावीस वर्षं भिंतीवर काढली, आता सामानाच्या खोलीत फाटक्या गाद्यांना टेकून उभा आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून मित्रांनो. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्या काचेवर मुद्दाम नेम धरून चेंडू मारलेत, ते मी विसरलेलो नाही.

गुण दाखवणं हे माझं वरवरचं काम. खरं काम उरलेले सेकंद मोजायचं. सामन्याचं एक क्वार्टर दहा मिनिटांचं, त्यातली नऊ मिनिटं माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. शेवटचं मिनिट लागलं की सगळे माझ्यावर डोळे वटारतात, जणू बाकीचे सेकंद मीच खाल्ले.

माझं बटण मावशींच्या हाती असे. संघाच्या कॅप्टनला सगळे बुटकी म्हणत, तिची ही सख्खी मावशी. खुर्चीवर घरची उशी टाकून बसायच्या, सामना संपला की स्टुलावर चढून माझी काच पुसायच्या. एवढ्या एका माणसावर माझा जीव होता. बुटकीला त्यांनी शंभरदा सांगितलं होतं, "चाळीस सेकंद उरले असताना चेंडू मिळाला तर लगेच बास्केटमध्ये टाक. समोरच्यांना चोवीस सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे शेवटी चेंडू परत तुमच्याकडेच येतो."

सरांना हे कधी पटलं नाही. खेळ शिकवायचा पगार त्यांना, आणि बटण दाबणाऱ्या बाईने अक्कल शिकवायची? "घाई नको, धरून ठेव," एवढंच ते ओरडायचे.

अंतिम सामन्यात बरोबरी होती. चाळीस सेकंद उरले होते आणि चेंडू बुटकीकडे होता. तिने मावशींकडे पाहिलं आणि सरांचं ऐकलं. धरून धरून आपल्या चोवीस सेकंदांच्या अगदी शेवटी घाईत टाकलेला चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला. मी सोळावर थांबलो. समोरच्या मुलींनी चेंडू आत फेकला, त्याला पहिला हात लागला आणि नियमाप्रमाणे त्याच क्षणी मावशींनी मला पुन्हा चालू करायचं बटण दाबलं. त्या मुलींनी पंधरा सेकंद निवांत घालवले, मी एकवर असताना चेंडू टाकला आणि सामना जिंकला.

सरांनी तिथेच माझ्याखालच्या टेबलावर तक्रार लिहिली: मावशींनी बटण उशिरा दाबलं, सामना पुन्हा घ्या.

"सही कर," ते बुटकीला म्हणाले.

"पण सर, मावशीने वेळेवर दाबलं."

"मग उद्यापासून कॅप्टन दुसरी कोणी."

बुटकीने सही केली. मावशी समोरच होत्या. त्यांनी उशी काखेत मारली आणि सरांना एवढंच म्हणाल्या, "बटण कडक झालंय. नव्या माणसाला जोरात दाबायला सांगा."

सामना पुन्हा ठरला. भिंतीवर नवा फलक आला, मला इथे आणून टाकलं. त्या दिवशी दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. शेवटी बुटकीचा संघ एका गुणाने मागे होता. चाळीस सेकंद, नवा माणूस, नवं बटण, आणि सरांचा आवाज तोच, "धरून ठेव!" चेंडूचे टप्पे मी मोजत राहिलो. मग रिंगवर आपटल्याचा आवाज, दुसऱ्या संघाचा जल्लोष आणि भोंगा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

नंतर बुटकी आत आली. रडून डोळे लाल झाले होते. बाहीने माझी काच पुसायला लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणावं ही तुमची अपेक्षा असेल. नका जपू. मला पुसलं काय अन् नाही काय, माझे दिवे आता लागणार नाहीत. मला वाचा असती तर त्या पोरीला एकच सांगितलं असतं: माझ्यावरची धूळ राहू दे. तुझी मावशी दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिच्याकडे जा.

ती अर्धा तास माझी काच पुसत बसली, आणि मग सरळ आपल्या घरी गेली.