खालची फळी

दिनानाथने पहिला गिअर टाकला आणि जुनी फियाट पाण्यात घातली.

"अहो, चाकं बुडाली," शेजारी बसलेली विमल म्हणाली. गणपतीसाठी आणलेला रिकामा पाट तिने छातीशी घट्ट धरला.

"बुडू देत. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाय, असं विठू मेस्त्रीने बजावलंय. उचलला की सायलेन्सरमधून पाणी आत."

धाटावच्या कंपनीत तीस वर्षं सांगितलं तेवढं ऐकलेला माणूस. हेही त्याने मनापासून ऐकलं. उद्या चतुर्थी. गणपती पेणचा, शाडूचा आणि मूर्तिकार काळुरामच्याच हातचा, हा घराचा रिवाज वडिलांपासूनचा. रोह्याहून निघाले तेव्हा रस्ता कोरडा होता. पेणला मात्र उधाणाची भरती आणि पाऊस एकदमच आले आणि काळुरामच्या कारखान्याची गल्ली भरून गेली.

काळुराम दारात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. आपल्याला बघून खूश झालाय, असं समजून दिनानाथने हॉर्न वाजवला आणि पाय आणखी दाबला. गाडीपुढे पाण्याची लाट उठली, पायऱ्या चढली आणि कारखान्यात शिरली.

दारासमोरच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दिनानाथने पुन्हा किल्ली फिरवली. आत खट्‌ असा एकच आवाज झाला.

काळुराम आणि त्याचे दोन कारागीर गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी गाडी ढकलून दारापासच्या चढावर लावून दिली आणि मग काळुराम दोघांना आत घेऊन गेला.

सगळ्यात खालच्या फळीवर पाच गणपती होते. पोटाच्या वर सगळे ठीकठाक, डोळेही रेखलेले. खाली नुसता चिखल. पितांबराचा पिवळा रंग पाण्यावर पसरत चालला होता.

"थांबा म्हणून हात करत होतो, भाऊ," काळुराम म्हणाला.

"मला वाटलं..." दिनानाथ म्हणाला.

"तुमचा सुका हाय. लांब जायचं म्हणून वर ठेवलेला."

"आणि हे कुणाचे?"

"मिठागराकडच्या लोकांचे. येतीलच आता न्यायला."

"दुसरे देता येतील ना?"

"शाडू एका रात्रीत सुकत नाय, भाऊ."

विमलने पाट पुढे केला. काळुरामने मूर्ती त्यावर ठेवली, पुढ्यात नारळ ठेवून नमस्कार केला आणि नेहमीसारखाच म्हणाला, "सांभाळून न्या." त्या दोन शब्दांनी दिनानाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथून निघून जावं, एवढंच त्याला वाटत होतं. पण गाडी सुरू होईना आणि पाणी उतरेपर्यंत गल्लीत रिक्षा यायला तयार नव्हती. विमल पाट मांडीवर घेऊन दाराशी बाकड्यावर बसली. दिनानाथ बॉनेट उघडून उगाचच आत बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

पहिली आली धोंडुबाई. म्हातारी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर पाट, काखेत प्लास्टिकची घडी. मिठागरापासून चालत आलेली.

"गाडी बंद पडली व्हय?" तिने विचारलं.

दिनानाथने मान हलवली.

ती विमलच्या मांडीवरच्या मूर्तीकडे बघून हसली. "बाय गो, देवाला असं उघड्यावर घेऊन बसलीस? पाऊस आला म्हंजे?" काखेतली घडी तिने उलगडली आणि मूर्तीवर नीट पांघरली.

"आजी, हे तुमच्या गणपतीला..." विमल कशीबशी म्हणाली.

"मला काय, इथंच जायचंय. मी पदरात घेईन. तुमचं घर लांब."

म्हातारी पायऱ्या चढली. विमलने दिनानाथकडे पाहिलं; तो बॉनेटमध्ये वाकला.

आतून हाक आली, "काळुराम, माझा कुठला रं?"