जोडीचे बिल्ले

ताईच्या नाकावर राग असतो, हे नौदलाच्या त्या वसाहतीत कोणालाही विचारा, कोणीही सांगेल. बाजारात सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ फिरली की मिरची. गणवेश शिवण्याचं तिचं दुकान गोदीच्या दरवाजासमोरच होतं. बाहीवरची पट्टी दोराभर वाकडी बसली तरी ती उसवून पुन्हा लावायची, आणि घाई करणारा साधा खलाशी असो की कप्तान, दोघांना सारख्याच शब्दांत झापायची. म्हणूनच त्या सोमवारी ती वाचनालयातून एक शब्दही न बोलता बाहेर पडली, तेव्हा दारातल्या शिपायाने ओळखलं की आज काही खरं नाही.

वसाहतीला शंभर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त तिचा इतिहास छापायचा घाट घातला होता. लिहिणारे होते एक निवृत्त कमांडर. कच्ची प्रत वाचनालयात ठेवली होती. कोणाला काही हरकत असेल तर शनिवारच्या बैठकीत सांगायची. अधिकाऱ्यांच्या टेनिस कोर्टाला साहेबांनी तीन पानं दिली होती. ताईच्या वडिलांना दिली होती एक ओळ. ‘याच वर्षी सुक्या गोदीत एक रंगारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे बुडून मरण पावला, त्याने बिल्ला न घेता गोदीत प्रवेश केला होता.’

अडतीस वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकवून तिच्या आईला महिन्याभरात क्वार्टर खाली करायला लावलं होतं. तेव्हा ते निदान एका फायलीत होतं. आता ते पुस्तकात जाणार, शाळेत मुलं वाचणार, आणि पुढची शंभर वर्षं तिचा बाप बेशिस्त ठरणार. शनिवारपर्यंत पाच दिवस होते.

बिल्ल्याची भानगड अशी. सुकी गोदी म्हणजे समुद्राच्या काठी खणलेला दगडी हौद. जहाज आत घ्यायचं, फाटक लावायचं, पाणी उपसायचं आणि कोरड्या तळावर उभं राहून जहाजाचं पोट रंगवायचं. उतरताना प्रत्येकाने बोर्डावरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून घ्यायचा आणि वर आल्यावर परत खुंटीला लावायचा. सगळ्या खुंट्या भरल्या, म्हणजे गोदी रिकामी, म्हणजे खुशाल पाणी सोडा. त्या दुपारी बोर्ड भरला होता. दोनशे चौदा नंबरचा बिल्लाही खुंटीवर होता. पण दोनशे चौदा नंबरचा माणूस तळाशी होता.

ताईकडे वडिलांचा त्या दिवशीचा सदरा होता. आईने त्याला आतल्या बाजूने बिल्ल्यासाठी खास खिसा शिवला होता, बटणाचा. रोज घडी घालताना आई रिकाम्या खिशाचंही बटण लावून ठेवायची. वडील सकाळी बिल्ला आत टाकून पुन्हा बटण लावायचे. आणि अंगावरून उतरवलेल्या त्या ओल्या सदऱ्याच्या खिशाचं बटण उघडं होतं. बटण उघडं, म्हणजे बिल्ला खिशात गेला होता आणि तळाशी असतानाच कोणासाठी तरी बाहेर काढला होता. आई मरेपर्यंत हे सांगत राहिली. ऐकणारं कोणी नव्हतं.

मंगळवारी ताईने तो सदरा कमांडरसाहेबांच्या टेबलावर पसरला.

साहेबांनी चष्मा पुसला. “ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण बटणावरून इतिहास लिहिता येत नाही. पाण्याच्या जोराने उघडलं असेल.”

“माझ्या आईचं काज पाण्याने उघडत नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही प्रयत्न करून बघा. नख तुटेल.”

“चौकशीत साक्ष झालेली आहे. दुसरा साक्षीदार आणा, मी ओळ बदलतो.”

साक्षीदार म्हटल्यावर तिला एकच माणूस आठवला. काका. नात्याचे नव्हेत, पण सख्ख्यांनी लाजावं असे. वडिलांच्या जोडीचे रंगारी, नंबर दोनशे पंधरा. बारा वर्षं दोघं एकाच फळीवर लटकून रंग मारत होते. वडील गेल्यावर तिच्या शाळेची पुस्तकं काकांनी आणली, आणि ती सोळा वर्षांची झाली तेव्हा शिलाईचं मशीनही त्यांनीच डोक्यावर उचलून घरी आणलं. ते मशीन आजही दुकानात चालत होतं.

काका टेकडीवरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. तिने सदरा पुढे केला आणि म्हणाली, “शनिवारी चला. बाबांचा बिल्ला खिशात होता, एवढंच सांगा.”

“जाऊ दे गं पोरी. जुनं झालं सगळं. झाकली मूठ राहू दे.”

“कोणाची मूठ, काका?”

काकांनी सदऱ्याला हात लावला नाही. उघड्या बटणाकडे मात्र ते बघत राहिले, आणि मग त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

“मीच लावला,” ते म्हणाले. “दोन्ही बिल्ले मीच लावले.”

तशी रीतच होती. जोडीतला जो आधी वर जाईल त्याने दोघांचे लावायचे. बोर्ड लवकर भरला की मुकादमाला वरून शाबासकी, आणि सगळ्यांची सुट्टी लवकर. मुकादमाला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तिचे वडील म्हणाले, तू हो पुढे, माझाही लाव, पोटाखाली हातभर पट्टा कच्चा राहिलाय, मारून आलोच. काका वर गेले, दोन खुंट्या भरल्या आणि हात धुवायला नळावर गेले. नळ सुरू असतानाच त्यांना पाण्याचा दुसरा आवाज आला.

“आणि चौकशीत?”

“मुकादम म्हणाला, खरं बोललास तर आपण सगळेच घरी बसू. मेलेल्याचं काय जातंय?”

“मेलेल्याचं काय जातंय,” ताईने शब्द तसेच परत केले. “आईचं घर गेलं, काका. तुम्ही सामान उचलायला आला होतात. आमच्या ट्रंकेचं एक टोक तुमच्याच हातात होतं.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण हा दांडा तिने अडतीस वर्षं काका म्हणून मिरवला होता. तिला त्यांचा राग आला, वडिलांचाही आला. हातभर पट्ट्यासाठी कोणी जीव देतं का? मग दोराभर वाकड्या पट्टीसाठी आपण काय करतो ते आठवलं आणि राग आणखीच वाढला.

“शनिवारी दहा वाजता,” ती उठत म्हणाली. “नाही आलात तर मी उचलून नेईन.”

त्या आठवड्यात तिला मशीनला हात लावावासा वाटेना. बुधवारी लावला नाही. गुरुवारी लावला, कारण मशीनने कोणती खोटी साक्ष दिली होती?

शनिवारी काका स्वतःच आले, धुतलेला शर्ट घालून. पंधरा-वीस माणसांसमोर त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. संपल्यावर कमांडरसाहेबांचा चेहरा चक्क उजळला.

“उत्तम. मग असं करू: ‘सहकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे रंगाऱ्याचा मृत्यू’.”

टेबलावर ताईचा हात इतक्या जोरात आपटला की पाण्याचा पेला आडवा झाला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुमची खोड काही जात नाही! एक संन्यासी सुटला की दुसरा उभा. काका, फाटकावरून गोदीचा तळ दिसतो का?”

“कठड्यापाशी जाऊन वाकलं की पार टोकापर्यंत दिसतो.”

“बोर्डापासून कठडा किती लांब?”

“चार पावलं.”

“पाणी सोडणारा अधिकारी त्या दिवशी चार पावलं चालला?”

“नाही. पाण्याचा आवाज ऐकून मी वळलो, तेव्हा तो बोर्डापाशीच हात वर करून उभा होता. कधीच कोणी जात नसे.” काका थांबले. “मीही गेलो नाही.”

“साहेब, लिहा,” ताई म्हणाली. “जोडीदाराने दोघांचे बिल्ले लावले, तशी रीत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. बोर्ड भरलेला पाहून पाणी सोडलं. त्याआधी गोदीत कोणीही वाकून पाहिलं नाही.”

साहेबांनी जुन्या ओळीवर काट मारली आणि तिने सांगितलेलं शब्दशः उतरवलं. “नाव?” त्यांनी विचारलं. ताईने वडिलांचं नाव सांगितलं.

काका तिच्या बाहीशी वाकून कुजबुजले, “माझं नको घालूस, पोरी. आता किती दिवस उरलेत माझे?”

तिने सदऱ्याची घडी घातली, त्यांच्याकडे न बघता. “बिल्ले जोडीने लावलेत ना, काका? मग नावंही जोडीनेच लागतील.”

कमांडरसाहेब पेन धरून थांबले होते. शेवटी काका सरळ उभे राहिले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, स्पष्ट, बिल्ल्याच्या नंबरासकट.