टाकीवरचा पक्षी

नानांना पक्षी दिसायला लागला त्याला पंधरा दिवस झाले होते. समोरच्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. सकाळी आठच्या सुमाराला तिच्या कडेवर तो येऊन बसे, पाच-दहा मिनिटं थांबे आणि निघून जाई. "पाठ निळी, पोट विटकरी," नाना सांगत. "असला पक्षी मी जन्मात पाहिला नाही."

दुसऱ्या कुणालाच तो दिसला नव्हता. नानांजवळ राहायची ती त्यांची धाकटी लेक. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि साडेसातलाच घराबाहेर पडायची. थोरला मुलगा, म्हणजे तिचा दादा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि रविवारी यायचा. त्याने एकदा खिडकीतून पाहिलं, तर टाकीवर कबुतर. डोकं धरूनच बसला तो.

त्यात नाना दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'नसलेल्या गोष्टी दिसतात', आणि गोळ्या दुप्पट केल्या. नाना दुपारभर तोंड उघडं टाकून झोपायला लागले. पुढच्या गुरुवारी डॉक्टर घरी येऊन ठरवणार होते. हे असंच चालू राहिलं तर नानांना मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवायचं, कुलपाच्या वॉर्डात. दादाने फॉर्म आणूनसुद्धा ठेवला होता.

"पक्षी खरा असेल तर?" धाकटीने विचारलं.

"तू पाहिलास?"

"नाही. पण त्यांच्या चष्म्याचा नंबर मी स्वतः तपासलाय. त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं."

"डोळ्यांचं कोण बोलतंय, बाई!" दादा म्हणाला.

सोमवारी तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि दुकानाच्या मालकाकडून कॅमेरा मागून आणला. सात वाजल्यापासून ती खिडकीला चिकटली. आठ वाजले, नऊ वाजले. टाकी रिकामीच. मंगळवारी काहीतरी फडफडलं, तिने धडाधड पाच फोटो काढले. नानांनी पाहिलं आणि मान हलवली. "हा कावळा आहे गं."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझंच चुकत असेल. तुम्ही सगळे म्हणता तसं असेल. दादाला सांग, मी येतो तिथे. तुझी रजा नको फुकट जायला."

भांडणारे, हट्टी नाना तिला चालत होते. हे मुकाट्याने हो म्हणणारे नाना कुणी परकेच वाटत होते. संध्याकाळी ती शाळेच्या शिपायाकडे गेली. गच्चीवर कुणाला सोडायची मनाई आहे, असं तो सांगत होता. ती तिथेच पायरीवर बसली आणि उठेचना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सकाळी मुलं यायच्या आत या. आणि पडलात तर मी तुम्हाला ओळखत नाही!"

बुधवारी ती गच्चीच्या दारामागे उकिडवी बसली. पायाला मुंग्या आल्या. आठ वाजून गेले. खाली मुलांचा गलका सुरू झाला, शिपाई जिन्यातून हाका मारायला लागला. तिने कॅमेरा खाली ठेवला, आणि तेवढ्यात टाकीच्या कडेवर एक पक्षी येऊन उतरला. ताठ बसलेला, लांब चोचीचा. कबुतराहून लहान. तिने घाईघाईने कॅमेरा उचलला. तीन वेळा बटण दाबलं, तिसऱ्या आवाजाला तो उडाला.

फोटो पाहिले आणि तिला रडूच कोसळलं. सूर्य पक्ष्याच्या मागे होता. दोन फोटो हललेले, तिसऱ्यात नुसती काळी आकृती. निळं नाही की विटकरी नाही.

तरी ती कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयात गेली. तिथल्या बाईंनी भिंगातून फोटो पाहिला. "चोच बरी दिसतेय. पण एवढ्यावरून काय सांगू? रंग कोणता होता?"

"मला दिसला नाही. वडिलांना दिसतो."

"मग त्यांनाच विचारू या की."

तिने भीतभीतच फोन लावून दिला. नाना गोळीच्या गुंगीत असतील, भलतंच काही बोलतील, असं तिला वाटत होतं. बाई विचारत गेल्या. निळा कुठपर्यंत? विटकरी कुठून सुरू होतं? नाना जन्मभर नकाशे काढत आले होते. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "छातीपर्यंत निळा. तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो. खाली शेपटीपर्यंत विटकरी. बसल्यावर वाकून पुन्हा ताठ होतो, नमस्कार केल्यासारखा."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाटाचा खण ओढला. आत कापसावर ओळीने मेलेले पक्षी होते. त्यातला एक त्यांनी तळहातावर घेतला. छातीपर्यंत निळा, खाली विटकरी.

"कड्याकपारीत राहणारा कस्तूर पक्षी आहे हा. आपल्याकडे येत नाही सहसा, वाट चुकून आला असणार. तुमच्या वडिलांना वेडं कोण म्हणालं?" त्यांनी तिथेच बसून सहीनिशी चिठ्ठी लिहून दिली.

गुरुवारी डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे माझं चुकलं," ते सरळ म्हणाले आणि गोळ्या निम्म्या केल्या. दादाची मान खाली गेली. धाकटीला वाटलं, जिंकलो.

मग डॉक्टरांनी नानांना साधे प्रश्न विचारले. वार, महिना, पत्ता. सगळं बरोबर. "घरी कोण कोण असतं?"

"मी, ही, आणि हिची आई," नाना म्हणाले. "आत्ता बाहेर गेलीय. येईल इतक्यात."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी दोघा भावंडांना जिन्यात बोलावलं. "कुलपाच्या वॉर्डाची गरज नाही. पण यांना एकटं ठेवायचं नाही. एक तासही नाही. आणि हे वाढत जाणार, त्याची तयारी ठेवा."

ते गेल्यावर धाकटी कठड्याला टेकून उभी राहिली. तिला एकदम सगळा हिशेब दिसला, तिचं दुकान, तिचे दिवस, पुढची वर्षं. "मी एकटी नाही रे करू शकणार," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

दादाने खिशातून फॉर्म काढला, चार तुकडे केले, आणि ते टाकायला जागा न सापडून हातातच धरून राहिला. "सकाळी मी येतो," तो म्हणाला. "अकरापर्यंत. नंतरचं बघू."

"आणि तुझं ऑफिस?"

"बघू म्हटलं ना!"

आतून नाना ओरडले, "काय कुजबुज चाललीय दारात? आत या दोघं, गार वारा येतोय."