जुन्या भावाचं तिकीट

"रेट वरूनच आला काकू, माह्या हातात काही नाही," पूर्णिमा मान खाली घालूनच म्हणाली.

पहाटे मालगाडी घसरली आणि नागपूरकडे जाणाऱ्या सगळ्या रेल्वेगाड्या रद्द झाल्या. उजाडताच शंकर नगरातल्या या ट्रॅव्हल्सच्या काउंटरपुढे रांग लागली आणि मालक हिरालालशेठनी बसचं भाडं तिप्पट केलं. पूर्णिमा कितीतरी वर्षं इथे तिकिटं फाडत होती. असं भाडं सांगताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या प्रेमलाकाकूंची मुलगी नागपूरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. काकूंनी थोडी विनवणी केली, मग मुकाट्याने पैसे मोजले.

थोड्या वेळाने पूर्णिमाच्या भावाचा नागपूरहून फोन आला. त्याच्याकडे राहणाऱ्या बाबांना झटका आला होता, शुद्ध नव्हती. ती तशीच उठून शेठकडे गेली. त्यांनी लगेच रजा दिली आणि म्हणाले, "तू तो घर की है. पुराना रेट काट ले." स्वतःचं तिकीट तिने स्वतःच फाडलं.

जागा मिळाली ती नेमकी काकूंच्या शेजारी. दोघींचेही नागपूरला फोन लागत नव्हते. दुर्ग मागे पडलं तसं काकूंनी सहज विचारलं, "तुले भी तेवढेच पडले का वं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"नाही काकू. मले जुन्या भावात दिलं शेठनं."

काकू तिच्याकडे वळल्या. "मंग माह्यासाठी काहून नाही विचारलं?"

"तो देत नसते काकू."

"विचारून तर पाहायचं होतं."

इतक्या वर्षांत कुणासाठी विचारावं, असं पूर्णिमाच्या मनातही आलं नव्हतं. काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

राजनांदगावच्या पुढे काकूंना झोप लागली. पहाटेपासून धावपळ झालेलं ते शरीर हळूहळू कलत गेलं आणि त्यांचं डोकं पूर्णिमाच्या खांद्यावर टेकलं. तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. तिने तो दुसऱ्या हाताने जपून काढून कानाला लावला.

"ताई, आता घाई नको करू," भाऊ म्हणाला. "सावकाश ये."

तिने "हव" म्हटलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी तिने खांदा हलू दिला नाही.